पहिलीच व्यावसायिक जागा घ्यायची आहे: भाडेकरूसह ऑफिस की रिकामा गाळा?

सिंहगडरोडवासी

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेल्या वर्षी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याकडची वडिलोपार्जित जमीन भावंडांनी मिळून विकल्यावर माझ्या वाट्याला सुमारे ९० लाख रुपये आले आहेत. निवृत्तिवेतन वेगळे चालू असल्यामुळे या रकमेवर घरखर्च अवलंबून नाही. तरीही पुढील वीस वर्षे दरमहा काही उत्पन्न देत राहील अशी व्यावसायिक जागा घ्यावी, असा विचार आहे. राहत्या फ्लॅटचे भाडे किमतीच्या मानाने फारच थोडे येते, म्हणून फ्लॅट नको आहे.

दोन जागा पाहिल्या. पहिली बाणेरला, तिसऱ्या मजल्यावरचे ५१० चौरस फूट चटईक्षेत्राचे ऑफिस. मागणी ७८ लाखांची आहे. एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी तिथे भाडेकरू असून ती ५२,००० रुपये देते. दलाल "पहिल्या दिवसापासून आठ टक्के" असे सांगतो. दुसरी जागा सिंहगड रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावरचा २६० चौरस फुटांचा गाळा. तो रिकामा आहे, मागणी ८० लाखांची असून भाडे ३८,००० पर्यंत येईल असे म्हणतात. याशिवाय एका बांधकाम चालू असलेल्या संकुलाची जाहिरात आली आहे, ज्यात ताबा मिळेपर्यंत दरमहा ठरावीक परतावा देण्याचे आश्वासन आहे. शक्य झाल्यास १५-२० लाखांचे कर्ज काढून थोडी मोठी जागा घ्यावी, असे माझा मुलगा सुचवतो. या क्षेत्रातला मला काहीच अनुभव नाही. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गाळेवाला

ताई, आधी त्या आठ टक्क्यांचा हिशोब मांडतो, कारण नवख्या माणसाची सगळी गफलत तिथेच होते. ५२,००० गुणिले १२ म्हणजे ६ लाख २४ हजार, आणि ते ७८ लाखांचे बरोबर आठ टक्के होतात. दलालाचे गणित खोटे नाही, ते अपुरे आहे. पुणे महापालिका हद्दीत खरेदीवर सर्व अधिभार धरून सात टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे ५ लाख ४६ हजार. नोंदणी फी ३०,००० आणि दलाली एक टक्का धरली तरी ७८,०००. वकील, हस्तांतरण आणि किरकोळ खर्च धरून ही जागा आपल्याला ८५ लाखांना पडते. महिलेच्या नावावर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची जी सवलत आहे ती निवासी जागेपुरती आहे, ऑफिसला किंवा गाळ्याला ती मिळत नाही. दलाल हे सहसा सांगत नाहीत.

आता उत्पन्नाकडे पाहू. ऑफिस संकुलाचा देखभाल खर्च बहुधा चटईक्षेत्रावर आकारला जात नाही, तो 'सेलेबल' म्हणजे सामायिक जागेचा वाटा धरून विकलेल्या क्षेत्रावर आकारला जातो. ५१० चे तिथे ८०० होतात आणि सात रुपये दराने वर्षाला ६७,००० जातात. बिगरनिवासी मालमत्ता कर निवासी दरापेक्षा बराच जास्त असतो, तो अंदाजे ६०,००० धरा आणि प्रत्यक्ष पावती मागून खात्री करा. भाडेकरू बदलताना जागा रिकामी राहतेच. तीन वर्षांत तीन महिने रिकामी राहिली तर वर्षाला सरासरी एक महिन्याचे भाडे गेले, आणि नव्या भाडेकरूसाठी दलालाला एक महिन्याचे भाडे दिले तर त्याचा तिसरा हिस्सा दरवर्षी गेला. रंग, विजेची दुरुस्ती आणि विमा यांना २५,००० ठेवा. हे सगळे वजा केल्यावर साधारण ४ लाख रुपये उरतात, म्हणजे ८५ लाखांवर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, आणि तेही प्राप्तिकराच्या आधी. देखभाल खर्च आणि कर भाडेकरूने भरावा असे करारात असेल तर आकडा सुधारतो, म्हणून करार हातात घेतल्याशिवाय टक्केवारीवर बोलूच नये.

यावरून कर्जाचेही उत्तर मिळते. व्यावसायिक जागेचे कर्ज गृहकर्जापेक्षा महाग असते, मुदत कमी असते आणि बँक किमतीचा हिस्साही कमी देते. साडेनऊ-दहा टक्क्यांनी पैसे घेऊन पावणेपाच टक्के मिळवायचे असतील तर कर्जाच्या प्रत्येक रुपयामागे मधला फरक दरमहा आपल्या खिशातून भरावा लागेल. किंमत पुढे वाढेल या एकाच भरवशावर तो व्यवहार उभा राहतो. आपले उद्दिष्ट मासिक उत्पन्न आहे, तेव्हा कर्ज नको.

दुसरा मुद्दा माझ्या दृष्टीने हिशोबापेक्षाही मोठा आहे. व्यावसायिक जागा घेताना आपण भिंती विकत घेत नसून त्या भिंतींत चालणारा धंदा विकत घेत असतो. म्हणून भाडेकरूचा धंदा त्या जागेला किती बांधलेला आहे, हे पाहावे. सॉफ्टवेअर कंपनीचे चाळीस लॅपटॉप एका टेम्पोत मावतात. २०२० साली घरून काम सुरू झाले तेव्हा अशी कितीतरी छोटी ऑफिसे काही महिन्यांत रिकामी झाली. याउलट औषध दुकानाचा परवाना त्या जागेच्या पत्त्यावर असतो, आणि किरकोळ विक्रीसाठी किमान दहा चौरस मीटर जागेची अटही असते, त्यामुळे औषधविक्रेता सहजी हलत नाही. दंतवैद्याने खुर्ची, पाण्याची आणि हवेची लाईन यांवर खर्च केलेला असतो. पॅथॉलॉजी लॅब, बँकेची शाखा आणि चष्म्याचे दुकान हीही अशीच टिकणारी मंडळी. माझे दोन गाळे आहेत, एकात प्रयोगशाळा आणि दुसऱ्यात पोळीभाजी केंद्र. प्रयोगशाळेचे भाडे बाजारापेक्षा कमी असूनही मी कधी तक्रार केलेली नाही.

उपाहारगृहाचे भाडे चांगले मिळते, पण तिथे धुराड्याची वाट, पुरेसा वीजभार, अग्निशमनाची व्यवस्था आणि वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची सहनशक्ती या चार गोष्टी आधी तपासाव्या लागतात. शेवटचीच सर्वांत अवघड आहे.

सिंहगड रस्त्यावरच्या गाळ्याविषयी. २६० चौरस फुटांत पोटमाळा धरला आहे का, ते मंजूर नकाशाशी ताडून पाहा. विनापरवाना पोटमाळा आणि पुढच्या मोकळ्या समासातील पत्र्याची शेड किमतीत धरून गाळे विकण्याची पद्धत पुण्यात सर्रास आहे, आणि महापालिकेने कारवाई केली की तेवढी जागा जाते. मग रस्त्याकडे बघा. तिथे आता उड्डाणपूल झाला आहे. गाळ्यासमोर दुचाकी उभी करता येते का, गाडी वळवून येता येते का की पुलावरून सगळे निघून जातात, हे सकाळी दहाला, संध्याकाळी सातला आणि रविवारी जाऊन स्वतः पाहावे. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे आणि नळ स्टॉपच्या पुलाचे काम चालू असताना दुकानदारांचे काय हाल झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. शेजारच्या चार दुकानदारांना ते किती भाडे देतात हे विचारले तर तीन जण खरे सांगतात. ३८,००० हा आकडा विकणाऱ्याचा आहे, बाजाराचा आहे की नाही ते या विचारपुशीतून कळेल. तो खरा धरला तरी ८० लाखांवर पावणेसहा टक्केही होत नाहीत, आणि यातून खर्च अजून वजा व्हायचा आहे.

पुणेरी_वकील

गाळेवाला यांनी व्यवहाराची बाजू नेमकी मांडली आहे, मी कागदपत्रांपुरते लिहितो.

बाणेरच्या ऑफिसबाबत सर्वप्रथम चालू करार मागा आणि तो नोंदणीकृत आहे का ते पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट पुरावा येईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असावा आणि मुदत ६० महिन्यांच्या आत असावी. तोपर्यंत मुद्रांक शुल्क एकूण परवाना शुल्कावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के दराने काढलेल्या मानीव व्याजावर अवघे पाव टक्का असते, मुदत त्यापुढे गेली की भाडेपट्ट्याचे दर लागू होतात.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा लवकर परत मिळवण्याची कलम २४ ची सोय निवासी परवान्यापुरती आहे. ऑफिस किंवा गाळा सोडण्यास भाडेकरूने नकार दिला तर पुण्यात लघुवाद न्यायालयातच दावा लावावा लागतो, आणि तिथे किती वर्षे लागतील हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून व्यावसायिक करारात अनामत रक्कम सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा कमी घेऊ नये, आणि मुदतीनंतर ताबा न दिल्यास प्रतिदिन किती नुकसानभरपाई द्यावी लागेल तो आकडा करारातच लिहून घ्यावा.

'लॉक-इन'चे, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता येणार नाही या अटीचे, कलम शब्दशः वाचा. बहुतेक करारांत ते मालकाला पूर्ण मुदतभर बांधते, भाडेकरूला मात्र पहिल्या वर्षापुरतेच बांधते आणि नंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळे सोडते. असे असेल तर "पाच वर्षांचा करार आहे" या वाक्याला काही किंमत उरत नाही. भाडेकरूने दिलेली अनामत रक्कम विक्रेत्याकडे आहे, ती जागेसोबत आपल्याकडे यायला हवी. खरेदीखतातील मोबदल्यातून ती वजा करून घ्यावी आणि भाडेकरूकडून 'यापुढे भाडे नव्या मालकाला देईन' असे पत्र खरेदीच्या दिवशीच घ्यावे. हे न केल्यामुळे भाडेकरू निघताना नव्या मालकाने आपल्या खिशातून तीन लाख परत केल्याचे प्रकरण मी हाताळले आहे.

भाडेकरू खरा आहे ना, हेही तपासा. विक्रीपूर्वी काही महिने विक्रेत्याच्याच ओळखीची एखादी कंपनी चढ्या भाड्याने आणून बसवायची, त्या भाड्यावर जागेची किंमत फुगवायची आणि विक्रीनंतर ती कंपनी निघून जायची, असे प्रकार घडतात. विक्रेत्याचे वर्षभराचे बँक खाते उतारे आणि त्याच्या प्राप्तिकर खात्यातील २६एएस विवरण, म्हणजे त्याच्या नावे जमा झालेल्या कराची नोंद, मागा. कंपनीने भाड्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारजमा करायचा कर) कापला असेल तर तो तिथे दिसतोच.

मालकीहक्काचा शोध तीस वर्षांचा घ्या. भोगवटा प्रमाणपत्रात ही जागा 'ऑफिस' म्हणूनच दाखवली आहे का, मालमत्ता कराची आणि संस्थेची थकबाकी नाही ना, बँकेचा बोजा नाही ना, आणि इमारतीचे अग्निसुरक्षेचे 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये भरले जाते का, एवढे पाहावे. पेठांमध्ये एखादा जुना गाळा 'भाडेकरूसह' निम्म्या किमतीत कोणी देत असेल तर तो भाडेकरू पागडीचा, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणारा, आणि कायद्याने संरक्षित असतो, त्या वाटेला नवख्याने जाऊ नये. एमआयडीसीतील गाळ्यांचा विचार कोणी सुचवला तर लक्षात ठेवा की तिथली जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते आणि हस्तांतरणाला व पोटभाड्याला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते.

सीए_नाशिक

कराबाबत थोडक्यात.

भाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के इतकी सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती, दलाली आणि देखभाल यांची वेगळी वजावट मिळत नाही. वरच्या उदाहरणात ६.२४ लाखांतून ६०,००० कर आणि त्यानंतर ३० टक्के वजा जाता सुमारे ३.९५ लाख करपात्र ठरतात, आणि ते आपल्या निवृत्तिवेतनात मिळवले जातात. कर्जावरील व्याज भाड्यापेक्षा जास्त झाले तर नव्या करप्रणालीत तो तोटा इतर उत्पन्नातून वजा होत नाही, ही गोष्ट मुलाच्या कानावर घालावी.

जीएसटी व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, पण १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाची जागा नोंदणीकृत भाडेकरूने घेतली तर हा कर भाडेकरूने स्वतः भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या लहान) व्यापाऱ्यांना नंतर यातून वगळले. सॉफ्टवेअर कंपनीला या कराची वजावट मिळते, त्यामुळे तिला फरक पडत नाही. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहाला मात्र ती मिळत नाही, म्हणून ५०,००० भाडे सांगितले की तो मनात ५९,००० चाच हिशोब करतो. भाडे ठरवताना समोरचा इतकी घासाघीस का करतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

खरेदी ५० लाख किंवा त्याहून अधिकची असल्यामुळे आपल्याला एक टक्का टीडीएस कापून सरकारजमा करावा लागेल, ते विसरल्यास व्याज आणि विलंब शुल्क खरेदीदारालाच पडते. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांनुसारचे, मूल्य आधी काढून घ्या. रस्त्यालगतच्या दुकानांचे रेकनर दर काही भागांत बाजारभावाच्याही वर असतात. करारातील किंमत त्यापेक्षा कमी असेल आणि फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला, तर तो संपूर्ण फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर कर लागतो. स्वस्तात मिळाले म्हणून आनंद मानावा आणि वर्षभराने नोटीस यावी, असे होऊ देऊ नका.

ताबा मिळेपर्यंत ठरावीक परतावा देणाऱ्या योजनेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. तो परतावा आपल्याच पैशातून, किंमत आधीच चढवून दिला जातो आणि बिल्डरची रोकड आटली की पहिल्यांदा तोच थांबतो. शिवाय बांधकामाधीन व्यावसायिक जागेवर सर्वसाधारणपणे १२ टक्के जीएसटी लागतो आणि आपल्यासारख्या खरेदीदाराला तो परत मिळत नाही. तरीही मोह झालाच तर महारेराच्या (राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी पाहा, आणि करार नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका, कारण रेरा कायद्याने बिल्डरला ती घेता येत नाही.

बोरिवलीकर

मी थोडा वेगळा विचार मांडतो. एकाच जागेत, एकाच भाडेकरूच्या भरवशावर, जवळजवळ सगळी पुंजी घालायची आणि निव्वळ पावणेपाच टक्क्यांसाठी नोटिसा, गळती आणि दलाल सांभाळायचे, हे निवृत्त व्यक्तीने का करावे? व्यावसायिक जागेचेच उत्पन्न हवे असेल तर रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मोठ्या इमारती बाळगणारे आणि शेअरसारखी युनिट देणारे न्यास. सेबीने त्यांचे नियम २०१४ साली केले आणि देशातील पहिले रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात आले. हिंजवडी, खराडी आणि येरवड्याची मोठी आयटी संकुले आज एम्बसी आणि माइंडस्पेस या रीटच्या मालकीत आहेत. वाटपयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना वाटणे त्यांना बंधनकारक आहे, २०२१ पासून एक युनिटही घेता येते, आणि गरज पडल्यास पाच लाखांपुरतेच विकता येते. गाळ्याचा एक कोपरा विकता येत नाही.

गाळेवाला

बोरिवलीकरांचा मुद्दा मान्य आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. रीटच्या युनिटचा भाव शेअरप्रमाणे रोज हलतो आणि तो खाली गेलेला पाहून घाबरून विकणारे लोक मी पाहिले आहेत. गाळ्याचा भाव रोज छापून येत नाही, एवढ्यानेच कित्येकांना झोप लागते. दुसरे, रीटकडून येणाऱ्या रकमेत व्याज, लाभांश आणि भांडवल परतफेड असे वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येकाची करआकारणी निराळी असते. तरीही ताईंच्या परिस्थितीत निम्मी रक्कम तिकडे आणि निम्मी एखाद्या लहान गाळ्यात, ही विभागणी मला ९० लाखांच्या एका ऑफिसपेक्षा अधिक पटते. धायरी किंवा नऱ्हे भागात ४०-४५ लाखांत १५०-१७० चौरस फुटांचे गाळे बघायला हरकत नाही. लहान गाळ्याला भाडेकरू लवकर मिळतो, कारण २०,००० भाडे परवडणारे दुकानदार ५०,००० परवडणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात.

सिंहगडरोडवासी

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे बाणेरच्या विक्रेत्याकडे करार, बँक उतारे आणि २६एएस मागितले. करार नोंदणीकृत निघाला, पण भाडेकरूचे लॉक-इन गेल्या महिन्यातच संपले आहे आणि नोटीस कालावधी दोन महिन्यांचा आहे. २६एएस 'नंतर देतो' असे उत्तर दोनदा मिळाले, तेव्हा तो विषय मी तूर्त बंद केला आहे. सिंहगड रस्त्याच्या गाळ्यात साठ चौरस फुटांचा पोटमाळा धरलेला निघाला, आणि शेजारचे दुकानदार जवळपास तेवढ्याच जागेला २६ ते २८ हजार देतात.

आता नऱ्ह्यात १६५ चौरस फुटांचा एक गाळा पाहिला आहे. त्यात सात वर्षांपासून औषध दुकान असून भाडे १९,५०० आहे, मागणी ४४ लाख. विक्रेता 'आज दोन लाख टोकन द्या, नाहीतर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे' असे म्हणतो. टोकन द्यावे का?

पुणेरी_वकील

दोन लाख देऊ नका. ५१,००० पुरेत, तेही धनादेशाने. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख रक्कम कायद्याने घेता-देता येत नाही. धनादेशासोबत एक पानाचे पत्र करून विक्रेत्याची सही घ्या. त्यात मालकीहक्काचा शोध निर्वेध न निघाल्यास, मंजूर नकाशातील क्षेत्रफळ १६५ चौरस फुटांपेक्षा कमी भरल्यास किंवा भाडेकरूने चालू भाड्याला आणि अनामत रकमेला लेखी दुजोरा न दिल्यास रक्कम पंधरा दिवसांत परत मिळेल, असे लिहा. मुदत एकवीस दिवसांची ठेवा, तेवढ्यात शोध अहवाल येतो. विक्रेता या पत्रावर सही करायला तयार नसेल तर त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो गाळा खुशाल घेऊ द्यावा.

सात वर्षांपासून एकच भाडेकरू आहे म्हणजे मधे निदान एकदा तरी करार नव्याने झालेला असणार. जुने आणि नवे दोन्ही करार मागा आणि मधल्या काळात करार नसताना भाडे घेतले गेले आहे का ते पाहा. तसे झाले असेल तर भाडेकरू स्वतःला परवानाधारक न म्हणता कायमचा भाडेकरू म्हणवून घेऊ शकतो. खरेदीपूर्वी त्याच्याकडून 'मी केवळ परवानाधारक म्हणून जागा वापरतो' असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र घ्या, आणि खरेदीखताच्याच दिवशी आपल्या नावे नवा करार नोंदवून घ्या.